ऑनलाइन लिलावात क्लासिक गाडी घेताय? बोली लावण्याआधी कागदांचं आणि खर्चाचं गणित समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर आणि गाड्या यांचं नातं जुनं आहे. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र येऊन तब्बल १५० मर्सिडीज गाड्यांची खरेदी केली. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या व्यवहाराची देशभर चर्चा झाली होती.

त्या मर्सिडीज गाड्यांनाही आता १५ वर्षं झाली. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते, नंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे एकेकाळची नवी कोरी गाडी बघता बघता 'जुनी' होते. पण जुनी गाडी आणि 'क्लासिक' गाडी यात फरक आहे, आणि ऑनलाइन लिलावात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा हा फरक न कळल्यामुळे.

घरबसल्या मोबाइलवर बोली लावून पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा विलीज जीप घेता येते, हे खरं आहे. पण बोली जिंकल्यावर तुमच्या हातात नेमकं काय येतं? ती गाडी एमएच २० च्या रस्त्यावर कायदेशीरपणे आणता येते का? आणि ४ लाखांची गाडी शेवटी कितीला पडते? सविस्तर समजून घेऊया.

'क्लासिक' आणि 'व्हिंटेज' म्हणजे नेमकं काय?

जाहिरातीत हे दोन्ही शब्द सर्रास वापरले जातात. कायद्यात मात्र व्याख्या आहे ती 'व्हिंटेज' गाडीची.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी हे नवे नियम घातले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत ३० वर्षांची गाडीसुद्धा ऐतिहासिक वाहन मानली जाते. पण आरटीओच्या खिडकीवर फिवाची व्याख्या चालत नाही.

उदाहरण बघा. मारुती ८०० ची पहिली चावी डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली. त्या पहिल्या खेपेच्या गाड्यासुद्धा डिसेंबर २०३३ च्या आधी कायद्याने व्हिंटेज होणार नाहीत. आणि २०१० च्या त्या मर्सिडीज? त्यांना २०६० ची वाट पाहावी लागेल.

म्हणून लिलावाच्या पानावर 'क्लासिक' लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: पहिल्या नोंदणीची तारीख कोणती? त्या तारखेवरून तुम्हाला कोणते नियम लागू होतील ते ठरतं.

व्हिंटेज नोंदणीचे फायदे काय आणि बंधनं काय?

व्हिंटेज नोंदणीसाठी परिवहन पोर्टलवरून अर्ज करावा लागतो. सोबत विमा, जुनं आरसी बुक आणि गाडी परदेशातून आणली असेल तर सीमाशुल्काची कागदपत्रं लागतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५ हजार रुपये लागतात.

आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. हौशी लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण जुन्या नंबरप्लेटलाही किंमत असते. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो.

आता बंधनं. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती चालवता येते. म्हणजे क्रांती चौकातून रोज ऑफिसला जायचं किंवा लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यायची, असा विचार असेल तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही.

मग ५० वर्षं न झालेल्या गाडीचं काय? ती साधी जुनी गाडी म्हणूनच चालते. तिची योग्यता तपासून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची, पर्यावरण कर भरायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढवलं. मोटारीसाठी ते १० हजार रुपये, दुचाकीसाठी २ हजार आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये झालं.

ऑनलाइन लिलाव किती प्रकारचे असतात?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींतली जोखीम वेगळी आहे.

पहिला: लिलावगृहांचे लिलाव. मुंबईच्या ॲस्टागुरूसारख्या लिलावगृहांनी चित्रं-दागिन्यांप्रमाणे जुन्या गाड्यांचेही ऑनलाइन लिलाव घेतले आहेत. इथे कॅटलॉग असतो, गाडीचा इतिहास दिलेला असतो, अंदाजे किंमत सांगितलेली असते. गाड्या निवडक असतात, त्यामुळे किमतीही चढ्या असतात.

दुसरा: सरकारी आणि बँकांचे लिलाव. जप्त केलेल्या, कर्ज थकल्यामुळे ओढून आणलेल्या किंवा सरकारी खात्यांनी मोडीत काढलेल्या गाड्या इथे येतात. केंद्र सरकारची एमएसटीसी ही कंपनी असे ई-लिलाव घेते. एप्रिल २०१९ मध्ये ईडीने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्याकडून जप्त केलेल्या १३ गाड्यांचा ई-लिलाव एमएसटीसीमार्फतच झाला होता. त्यात रोल्स-रॉइस, पोर्शे अशा गाड्या होत्या. त्या क्लासिक नव्हत्या, पण अट लक्षात ठेवण्यासारखी होती: इच्छुकांना गाडी आधी पाहता येत होती, चालवून पाहता येत नव्हती.

तिसरा: वेबसाइट आणि ॲपवरचे लिलाव. इथे विकणारा आणि घेणारा थेट भेटतात, कंपनी फक्त मधे असते. अमेरिकेतली 'ब्रिंग अ ट्रेलर' ही या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली वेबसाइट. तिथे विक्रेता शेकडो फोटो टाकतो, लोक उघडपणे प्रश्न विचारतात, उणिवा दाखवतात. आपल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी पाच-सहा फोटो आणि दोन ओळींच्या वर्णनावर बोली सुरू होते.

सरकारी लिलावातली एक गोष्ट नीट वाचा. पोलीस ठाण्याच्या आवारात पडून असलेल्या बेवारस गाड्यांचा लिलाव अनेकदा 'भंगार' म्हणून होतो. तशी गाडी घेतली तर लोखंड तुमचं होतं, पण ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. अटींमध्ये 'स्क्रॅप' हा शब्द दिसला की तिथेच थांबा.

बोली कशी चालते?

सुरुवातीला अनामत रक्कम भरावी लागते. बोली जिंकून पैसे भरले नाहीत तर ही अनामत जप्त होते. मग येते राखीव किंमत. विक्रेत्याला किमान किती हवेत तो हा आकडा, आणि तो बऱ्याचदा गुप्त असतो. बोली तिथपर्यंत पोहोचली नाही, तर सर्वांत मोठी बोली तुमची असूनही गाडी मिळेलच असं नाही.

अनेक ठिकाणी 'कमाल बोली' आधीच टाकून ठेवता येते. तुम्ही ३ लाख टाकले आणि समोरचा २ लाखांवर थांबला, तर यंत्रणा तुमच्यासाठी २ लाखांच्या पुढची एक पायरीच चढते, थेट ३ लाख लावत नाही.

शेवटच्या क्षणी बोली टाकून गाडी पटकावता येते, असं अनेकांना वाटतं. ते टाळण्यासाठी बऱ्याच वेबसाइट वेळ वाढवतात. ब्रिंग अ ट्रेलरवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. इथेच माणूस तापतो. 'अजून दहा हजार' असं म्हणत म्हणत ठरवलेल्या आकड्याच्या पन्नास-साठ हजार पुढे कधी गेलो ते कळत नाही.

अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. एका गाडीची किंमत दहा जण आपापल्या अंदाजाने लावतात. काहींचा अंदाज कमी, काहींचा जास्त. जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त आहे. म्हणजे जिंकणाऱ्यानेच जास्त पैसे मोजले असण्याची शक्यता मोठी असते. गाडी प्रत्यक्ष न पाहता बोली लावली असेल तर ती आणखी वाढते.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

लिलावाने होणाऱ्या विक्रीसाठी १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम ६४ आहे. हातोडा पडला की विक्री पूर्ण होते. ऑनलाइन लिलावात हातोड्याची जागा घड्याळाने घेतली आहे, आणि जिंकल्यावर माघार घेतली तर अनामत गेली, असं अटींमध्येच लिहिलेलं असतं.

याच कलमात खरेदीदाराच्या बाजूचीही तरतूद आहे. विक्रेत्याने किंमत फुगवण्यासाठी स्वतःच्याच माणसांकरवी खोट्या बोली लावल्या, तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द करता येतो. अर्थात हे सिद्ध करावं लागतं, म्हणून लिलाव चालू असताना बोलींचे स्क्रीनशॉट ठेवणं शहाणपणाचं.

लिलावांमध्ये हमखास आढळणारी अट म्हणजे 'जशी आहे, जिथे आहे'. याचा साधा अर्थ: इंजिन बंद निघालं, तळाला गंज निघाला, टायर फुटके निघाले, तर जबाबदारी तुमची. आणि गाडी नागपूरला असेल तर ती संभाजीनगरला आणायचा खर्चही तुमचाच.

कोणते कागद तपासायचे?

लोखंडातला दोष पैसे खर्चून दुरुस्त होतो. कागदातला दोष कधीकधी होतच नाही. म्हणून बोलीआधी या गोष्टी बघा.

चेसिस आणि इंजिन क्रमांक. गाडीवर कोरलेले क्रमांक आणि आरसीवरचे क्रमांक जुळायलाच हवेत. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवून घेतल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. असा बदल आरटीओत नोंदवलेला नसेल तर हस्तांतरण अडतं, आणि बदल मोठा असेल तर गाडी व्हिंटेजच्या व्याख्येतूनही बाहेर पडू शकते.

गाडीची मूळ नोंद. आज ज्याला आपण एमएच २० म्हणतो, ती पद्धत नंतरची. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्याआधीच्या गाडीची पहिली नोंद हैदराबाद राज्यातली असू शकते. त्यानंतरची आणि १ मे १९६० पूर्वीची नोंद द्विभाषिक मुंबई राज्यातली. हाताने लिहिलेलं जुनं आरसी बुक असेल, तर ती नोंद 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेली आहे का ते तपासा. नसेल तर मूळ आरटीओकडून 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. यासाठी त्या कार्यालयात जुनं रेकॉर्ड सापडावं लागतं.

मालक कोण? आरसीवर आजोबांचं नाव आणि विकतोय नातू, हे चित्र जुन्या गाड्यांत नेहमीचं. मूळ मालक हयात नसेल तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर व्हायला हवी. 'फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ठेवलीय, नंतर नाव चढवा' असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. मधल्या दोन-तीन व्यवहारांची नोंदच नसते आणि सही करणारा माणूस सापडत नाही.

बोजा, चलन आणि ना हरकत. एमपरिवहन ॲपवर नोंदणी क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विमा, योग्यता आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेली ई-चलनंही तपासा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या बाहेर स्वस्तात विकल्या जातात. स्वस्त दिसली तरी एनओसी हातात पडल्याशिवाय ती गाडी तुमची समजू नका.

सार्वजनिक लिलावात घेतलेल्या गाडीसाठी वेगळा फॉर्म आहे: फॉर्म ३२. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत तो आरटीओकडे द्यायचा असतो. सोबत लिलावाचा आदेश किंवा विक्री प्रमाणपत्र लागतं, म्हणून लिलाव करणाऱ्याकडून ते मागून घ्या.

४ लाखांची गाडी कितीला पडते?

समजा, १९७५ ची एक पद्मिनी तुम्ही ४ लाखांना जिंकलात. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली. हिच्याच टॅक्सीने अनेक दशकं मुंबई फिरवली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सीसेवेतून कायमची गेली. त्यामुळे तिच्याबद्दलचं आकर्षण वाढलंय. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येक लिलावात ते बदलतील.

• बोलीची रक्कम: ४,००,००० रुपये
• लिलावाचं कमिशन (१० टक्के धरू): ४०,००० रुपये
• कमिशनवर १८ टक्के जीएसटी: ७,२०० रुपये
• ट्रकवर चढवून आणण्याचा खर्च: २५,००० रुपये
• ब्रेक, टायर, वायरिंग, इंधनाच्या नळ्या अशी पहिली दुरुस्ती: १,००,००० रुपये
• व्हिंटेज म्हणून नवी नोंदणी: २०,००० रुपये

एकूण: ५,९२,२०० रुपये. म्हणजे बोलीच्या जवळपास दीडपट, आणि यात विमा आणि रंगकाम धरलेलंच नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण जुन्या गाडीवाल्यांना तोंडपाठ असते ती उगाच नाही.

हाच हिशोब उलटा करा. तुमच्याकडे एकूण ४ लाखच असतील तर आधी वाहतूक, दुरुस्ती आणि नोंदणीचे १,४५,००० बाजूला काढा. उरले २,५५,०००. त्यातच कमिशन आणि त्यावरचा जीएसटी बसवायचा आहे. म्हणजे तुमची बोली साधारण २ लाख २८ हजारांना थांबली पाहिजे. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा. घड्याळ चालू झाल्यावर हिशोब होत नाही.

परदेशातल्या वेबसाइटवरून गाडी आणायची असेल तर गणित आणखी बदलतं. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्याच परवान्याशिवाय आणता येत होत्या. २०२५ मध्ये केंद्राने ती मर्यादा ५० वर्षांच्या गाड्यांपर्यंत आणली. पण सीमाशुल्क आणि कर मिळून खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. त्यात जहाजाचं भाडंही धरावं लागतं.

मेकॅनिक सोबत नेला तर काय बघायचं?

सगळ्यात आधी गंज. मुंबई किंवा कोकणात वर्षानुवर्षं राहिलेल्या गाडीला खाऱ्या हवेमुळे तळातून गंज लागतो. वरून रंग ताजा असेल तर संशय जास्त घ्यायचा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली गाडी या बाबतीत बरी, पण इथल्या उन्हात रबर आणि आतलं कापड लवकर जातं.

दुसरं, पेट्रोल. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. त्याआधीच्या अनेक इंजिनांचे व्हॉल्व्ह त्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेले होते, त्यामुळे त्यांची झीज तपासावी लागते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि पत्र्याची टाकी यांना ते मानवत नाही. त्या नळ्या बदलणं हा हौसेचा खर्च समजू नका. इंधन गळून आग लागण्याचा धोका त्यामुळे टळतो.

तिसरं, विमा. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यासाठीची किंमत कंपनी आणि मालक यांनी संमतीने ठरवायची असते. गाडी घेतल्यावर तिचं मूल्यांकन करून घ्या, फोटो आणि बिलं जपून ठेवा. नाहीतर चोरी किंवा अपघात झाला तर हातात फार काही पडत नाही.

फसवणूक कशी ओळखायची?

गाडी दाखवायला टाळाटाळ, 'मी सैन्यात आहे, बदली झालीय म्हणून स्वस्तात देतोय' अशी गोष्ट, अनामत कंपनीच्या खात्याऐवजी कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागणं, आणि 'आजच भरा, नाहीतर दुसऱ्याला जाईल' अशी घाई. यातली एक जरी गोष्ट दिसली तरी पैसे पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

थोडक्यात काय?

पहिल्या नोंदणीची तारीख विचारा. क्रमांक जुळवून बघा. गाडी स्वतः जाऊन पाहा, सोबत जुन्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक न्या. अटींमध्ये 'स्क्रॅप' शोधा. सगळा खर्च धरून कमाल बोली आधीच ठरवा. आणि बोली लावण्यापूर्वी गाडीच्या कागदांची झेरॉक्स घेऊन आरटीओत एकदा विचारून या, की ही गाडी माझ्या नावावर होईल का.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण नावावर न होणारी गाडी दारात उभी राहिली, तर ती धुण्यापुसण्याची हौसही सहा महिन्यांत संपते. एक फेरी आरटीओत मारायला अर्धा दिवस जातो, पण ती चुकवून घेतलेल्या गाडीच्या मागे वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागू शकतात.